इंजनाच्या पाठीचं चाक

(येरवड्यात मोटारींचं गॅरेज चालवणाऱ्या शांताबाईंनी सांगितलं, तसं त्यांच्याच शब्दांत.)

माझं माहेर म्हनाल तर लोहगावाच्या पलीकडं, आता तिथं शेत न्हाई का बांध न्हाई, सगळ्या बिल्डिंगी झाल्यात, पन तवा खेडंच व्हतं. बाप दगडाच्या खानीत, आई लोकांच्या रानात खुरपायला, आन् आमी सगळ्या बहिनीच, भाऊ न्हाई. आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासनं घरात एकच हट्ट, पोरींनी शाळेत जायचं. मी सातवीपातूर गेले. पुढची शाळा लांब व्हती आन् माझं डोकं पन तेवढंच व्हतं, खोटं कशाला बोलू. मंग स्थळ आलं येरवड्याचं. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हनायच्या, शांतीला येरवड्याला दिली, तुरुंगात दिली का येड्याच्या इस्पितळात दिली? आई म्हनली, हसू दे, पोरगा मोटारी दुरुस्त करतो, हाताला काम हाय, दारू न्हाई, आपल्याला दुसरं काय पायजे.

लग्न झाल्यावर कळलं, मानूस लई गुनाचा पन बोलायच्या नावानं शून्य. सगळं जग त्यांना मिस्तरी म्हनायचं, मंग मी पन मिस्तरीच म्हनायला लागले, नाव कसं घ्यायचं आन् नुसतं अहो अहो तरी किती करायचं. सकाळचा चहा, न बोलता. दुपारची भाकरी, न बोलता. मला वाटलं आपन पसंत पडलो न्हाई वाटतं. माहेरी जाऊन आईपाशी रडले. आई म्हनली, मारतो का? न्हाई. शिव्या देतो? न्हाई. मंग तो गप ऱ्हातो तर तू बोल की, तुला कुनी अडवलंय? तवापासनं जे माझं तोंड सुरू झालंय ते आजपातूर चालूच हाय, तुमी बघताच.

गॅरेज म्हंजी हेच, पत्र्याचं शेड, तवा ह्या रस्त्यानं विमानतळाकडं दिवसातनं चार मोटारी जायच्या. कामाला मानूस टिकायचा न्हाई, शिकला की स्वतःचं काढायचा. मी भाकरी घेऊन यायची, तर एक दिवस मिस्तरी गाडीखालनंच म्हनले, जरा धर. बस, तवापासनं मी धरनारी झाले. काय धरायचं, सांगते. ताई, इंजनाच्या पाठीला एक जड लोखंडी चाक असतंय, त्याला फ्लायव्हील म्हनत्यात. चांगलं परातीएवढं, आन् उचलायला गेलं तर कंबर मोडंल असं. त्याच्या कडंला दातांची रिंग असती, आपन चावी फिरवली की स्टार्टर त्या दातांत दात घालून इंजन फिरवतो. आता हे चाक उतरवायचं म्हंजी त्याचे बोल्ट सोडायचे, आन् बोल्ट तर असे आवळलेले असत्यात की पाना ओढला की बोल्ट सुटायच्या ऐवजी आख्खं चाकच फिरायला लागतं. म्हनून एकानं दातात मोठा पेचकस घालून चाक अडवून धरायचं आन् दुसऱ्यानं पाना ओढायचा. मी अडवायची, मिस्तरी ओढायचे. ओढायच्या आधी ते हं म्हनायचे, तेवढंच. हं म्हनलं की मी सगळा जीव मनगटात आनायची. धरनारीनं जरा ढिल दिली तर पाना निसटून ओढनाऱ्याच्या तोंडावर बसतो, म्हनून त्या येळंला माझी पन बडबड बंद. आमच्या संसारात आमी दोघं एकदम गप असायचो ते तेवढंच, आन् खरं सांगू का, मला ते लई आवडायचं.

मंग पोरगी झाली, संगीता. एकच. ती शिकली, कॉम्प्युटरचा क्लास केला, आन् त्याच सुमाराला पुण्यात त्या काचेच्या बिल्डिंगीतल्या आयटी कंपन्या यायला लागल्या, तर तिला लागली नोकरी. गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा घालून जायची, मी तिचा पट्टा रात्री खुंटीला अडकवून ठेवायची, सकाळी शोधाशोध नको. पन ज्या वाऱ्यानं तिला नोकरी लावली त्यानंच आमचं काम पन नेलं. आधी रस्त्यावर दोन-तीन जातीच्याच मोटारी व्हत्या, मिस्तरींना त्यांच्या पोटातला नट न् नट म्हाईत. आता नव्या गाड्या आल्या, बॉनेट उघडावं तर आत सगळं झाकलेलं, आन् गिऱ्हाईक म्हनायचं, कंपनीच्याच वर्कशॉपला दाखवायला सांगितलंय. मिस्तरी नुसतं बघायचे. मी म्हनायची, जाऊ द्या, जुन्या गाड्या काय एका दिवसात मरत्यात का.

आन् मंग मिस्तरींनाच लकवा मारला. सकाळी दाढी करत व्हते, वस्तरा हातातनं पडला, मी म्हनलं उचला की, तर माझ्याकडं बघितलं आन् तोंड एका बाजूला गेलेलं. उजवी बाजू सगळी गेली, हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. ससूनला ठेवलं, मंग घरी आनलं. डॉक्टर म्हनले, डावी बाजू चांगली हाय, हळूहळू बोलतील पन, व्यायाम करायचा, रबरी चेंडू दाबायचा. पन करायची विच्छा त्यांना पायजे ना. मिस्तरी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. चेंडू हातात दिला की सोडून द्यायचे, तो गडगडत खाटेखाली जायचा. मी भात मऊ करून भरवायची, दोन घास झाले की ओठ मिटून घ्यायचे. कधी न बोलनारा मानूस, त्याचं गप ऱ्हानं मला म्हाईत व्हतं हो, पन हे गप ऱ्हानं निराळं व्हतं. आधी ते गप असले तरी घरात असायचे. आता खाटेवर असून घरात न्हवते. मी बोलत ऱ्हायची, आज मेथी स्वस्त व्हती, संगीताच्या कंपनीत लिफ्ट बंद पडली, आन् बोलता बोलता मोरीत जाऊन रडून यायची.

संगीता म्हनली, आई, गॅरेज बंद करू या. पप्पा आता काही तिथे परत जाणार नाहीत, उगाच कशाला कुलूप लावून ठेवायचं, रविवारी भंगारवाल्याला बोलावते. तिचं चुकत न्हवतं, ती दोघांचं बघत व्हती, नोकरी पन बघत व्हती. मी म्हनलं, पप्पांना इचार. तिनं खाटेजवळ जाऊन इचारलं, पप्पा, विकू या का सगळं? तर मिस्तरींनी मान हलवली. हो म्हनून. ताई, त्या मानसानं एक तेरा नंबरचा पाना हरवला तर दोन दिवस शेड झाडून काढलेलं मी बघितलंय, आन् त्यांनी सरळ हो म्हनलं. तवा मला लई भ्या वाटलं. मी समजले, ह्यांनी गॅरेज न्हाई सोडलं, ह्यांनी सगळंच सोडलं. हे असेच पडून पडून एक दिवस जानार, आन् मी भात कालवत बसनार.

त्याच आठवड्यात आल्या कोथरूडच्या बाई. शाळेच्या मोठ्या बाई व्हत्या, रिटायर झालेल्या, वडिलांची जुनी पांढरी मोटार स्वतः चालवायच्या, आन् मिस्तरींशिवाय कुनाचा हात लागू द्यायच्या न्हाईत. गाडी दोरीनं ओढून शेडापाशी आनलेली, मला घरनं बोलावून घेतलं. चावी फिरवली की नुसतं खर्रर्र खर्रर्र, स्टार्टर फिरतोय पन इंजनाला पकडत न्हाई. मी इतकी वर्षं धरलंय, मला आवाजावरनंच कळलं, त्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. मी सांगितलं, बाई, मिस्तरी आजारी हायेत, आमी तर बंद करतोय. त्या माझ्यामागं घरी आल्या, खाटेपाशी उभ्या ऱ्हायल्या, आन् काय म्हनल्या असतील? म्हनल्या, अहो मिस्त्री, तुम्हाला बोलता येत नाही असं ऐकलं. आधी बोलत होतात की काय? मी आपली कपाळाला हात लावते तर मिस्तरींनी भिंतीकडनं तोंड वळवलं. किती दिवसांनी वळवलं. नुसतं बघितलं त्यांच्याकडं. आन् काय झालं मला, मी म्हनून गेले, बाई, ठेवून जा गाडी, आमी करतो. बाई म्हनल्या, आम्ही म्हणजे कोण? मी म्हनलं, मी आन् मिस्तरी. मिस्तरी माझ्याकडं असं बघाया लागले जसं लकवा त्यांना न्हाई, मला मारलाय.

दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात लावली, शेजाऱ्यांनी धरून मिस्तरींना बसवलं, ते अंग सैल सोडून दिलेलं, कुठं न्या, काय बी करा. शेडात खुर्ची टाकली, उशी दिली, बसवलं. शेजारच्या गॅरेजचे सलीमभाई, देवमानूस, त्यांनी त्यांची साखळीची पुली आनून इंजन वर काढून दिलं, गिअरबॉक्स सुटा केला, इंजन जुन्या टायरवर नीट टेकवलं आन् म्हनले, भाभी, आता फ्लायव्हील तेवढं ऱ्हायलंय, माझी एक गाडी अडकलीय, ती उरकून येतो, तुम्ही हात लावू नका. मी हो म्हनलं. पन मला हात लावायचाच व्हता. मिस्तरींच्या समोर लावायचा व्हता, सलीमभाईंनी करून दिलं तर मी त्यांना रिक्षात घालून आनलं कशाला?

आता ऐका काय झालं. बोल्टांच्या खाली पत्र्याचे कान दुमडलेले असत्यात, बोल्ट ढिले होऊ नयेत म्हनून, ते मी छिन्नीनं सरळ केले. चाक परत तसंच बसावं म्हनून छिन्नीनंच एक खुनेची रेघ मारली. बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो तो मोठा गोटी पाना घेतला, बोल्टावर चढवला, जोर मिळावा म्हनून त्याला पाइप जोडला. आन् मंग पदर खोचला, मोठा पेचकस घेतला, चाकाच्या दातात घातला, दोन्ही हातांनी दाबून धरला, आन् बसले. बसले ती बसले. डोळे चाकावर, सगळा जीव मनगटात. जरा येळ गेला, मंग अजून जरा. पाना आपला बोल्टावर लोंबतोय. आन् मी वाट बघतीय, मिस्तरी हं म्हनायची.

इतक्या वर्षांची सवय, ताई. मी धरनारी, मला धरायचंच म्हाईत. ओढायला कुनी न्हाई हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

मागनं कसला तरी आवाज आला. मला वाटलं मिस्तरींना ठसका लागला, पेचकस टाकून वळले तर ते हसत व्हते. तोंड वाकडं, एका बाजूचाच ओठ हलतोय, डोळ्यांतनं पानी, खुर्ची हलतीय, आन् हसत व्हते. मी म्हनलं, हसताय काय, तुमीच लावलेली सवय हाय ही! आन् मी पन हसायला लागले, आन् हसता हसता असं रडू फुटलं मला, तिथंच ग्रीसच्या फडक्यात तोंड घालून रडले. डोळे पुसून बघते तर मिस्तरींनी डावा हात पुढं केलेला. तळवा वर. काय पायजे? पानी? तर मान न्हाई म्हनून हलली. आन् बोट केलं पेचकसाकडं.

मी खुर्ची ओढली, पार इंजनाला टेकवली. त्यांनी डाव्या हातात पेचकस घेतला, दातात घातला, छातीनं त्याच्यावर रेलले. मी पाइपाला दोन्ही हात घातले, पाय रोवले. पन मनात धाकधूक, नवीन हात हाय, निसटला आन् त्यांनाच लागलं तर? मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत व्हते. मंग मी म्हनलं, हं. आन् ओढला. काही न्हाई. परत म्हनलं, हं, अंगातलं सगळं घातलं, आन् बोल्टानं कट्ट केलं. सुटला! मिस्तरींचा हात जागचा हलला न्हवता. मी त्या हाताकडं बघितलं आन् मला असं वाटलं, आपला मानूस कुठंतरी लांब गेला व्हता तो फाटकापातूर आला.

सगळे बोल्ट निघाले. पन चाक काय निघंना. इतक्या वर्षांचं गंजून बसलेलं, जसं काय इंजनाला वितळवून चिकटवलंय. मी लाकडाचा ठोकळा घेतला, वरच्या अंगाला लावला, हातोडी घातली. मिस्तरी आं आं करायला लागले. मी थांबले. डाव्या हातानं बोल्ट दाखवत्यात. मला कळंना. मंग आठवलं, दोन बोल्ट परत दोन-चार आटे लावून ठेवायचे असत्यात, न्हाईतर चाक एकदम सुटून पायावर येतं. लावले. परत वरनं ठोकलं, परत आं आं. आता बोट खाली. मी खालनं ठोकलं. मंग डावीकडं, मंग उजवीकडं. एकाच बाजूनं ठोकलं की चाक तिरकं होऊन जास्तच आवळतं, चौफेर हळूहळू ठोकायचं, त्याला कळूच द्यायचं न्हाई कुठनं निघतंय ते. बोट जाईल तिथं मी ठोकायची. घाम निघाला, चाक तसंच. शेवटी मिस्तरींनी रॉकेलच्या डब्याकडं बोट केलं, फटीत रॉकेल सोडलं, आन् हात उपडा केला, म्हंजी मुरू दे.

मी म्हनलं, मुरंपातूर जेवून घेऊ. डबा उघडला, त्यांच्यासाठी मऊ भात, माझ्यासाठी भाकरी आन् ठेचा. मी भात कालवायला लागले तर त्यांनी माझ्या ताटातली भाकरी उचलली. डाव्या हातानं. तुकडा मोडता येईना, तर अख्खी तोंडाला लावली न् दातानं तोडली. ठेचा हनुवटीला लागला, पुसू दिला न्हाई. घाई व्हती त्यांना. एक डोळा चाकावर आन् तोंडात भाकरी. ताई, लोक देवाला काय काय मागत्यात, मी त्या दिवशी जे बघितलं त्याच्यापरीस मला काय नको व्हतं. मी भाताचा डबा गुपचूप झाकून ठेवला.

जेवल्यावर परत सुरू केलं, वर, खाली, इकडं, तिकडं, आन् एकदम ढप्प. चाक सुटून त्या दोन बोल्टांवर येऊन लोंबलं. सलीमभाई धावत आले, बघितलं, आन् मिस्तरींच्या खांद्यावर हात ठेवून उभे ऱ्हायले.

जुनी रिंग छिन्नीनं काढली. नवी रिंग सलीमभाईंनी आनून दिली व्हती, ती बसवायची म्हंजी तापवावी लागती, तापली की जराशी मोठी होती, तेवढ्यात चाकावर सोडायची, थंड झाली की आवळून बसती. मी घमेल्यात कोळसे पेटवले, रिंग ठेवली. लाल हू द्यायची न्हाई, लाल झाली तर दात मऊ पडत्यात. निळसर झाक आली पायजे, तेवढीच. आन् उचलायची दोघांनी, दोन्हीकडनं पक्कड लावून, आन् सोडायची एकदम. एकानं आधी सोडली तर वाकडी बसती, आन् वाकडी बसली की गेली रिंग. सलीमभाई म्हनले, मी धरतो एक बाजू. मिस्तरींनी मान हलवली. न्हाई. आन् पक्कड डाव्या हातात घेतली.

निळी झाक आली, मी बघितली, त्यांनी पन बघितली. उचलली. त्यांचा हात हलत व्हता, मी माझा हात त्यांच्या हाताएवढाच खाली-वर करत चाकावर आनली. बरोबर मधी आली. आता कवा सोडायची, कोन सांगनार? मी तोंड उघडायच्या आत मिस्तरी म्हनले, सोड.

असं स्वच्छ. सोड. लकव्यानंतरचा पैला शब्द. आन् मी सोडली, एकदम सोडली, रिंग अशी सपाट बसली की सलीमभाईंच्या तोंडातनं वा निघालं. मी रिंगकडं बघितलंच न्हाई.

पुढचं सगळं सोपं. चाक त्या खुनेच्या रेघेवर जुळवून चढवलं, बोल्ट समोरासमोरचे आवळले, मिस्तरी धरनार, मी ओढनार. इंजन गाडीत गेलं, चावी फिरवली तर पैल्या झटक्याला सुरू. कोथरूडच्या बाई आल्या, बसल्या, सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. म्हनल्या, ठीक आहे. त्यांच्या तोंडून ठीक म्हंजी दुसऱ्यानं हार घातल्यासारखं. जाताना मिस्तरींना म्हनल्या, पुढच्या महिन्यात ब्रेक बघायचेत, तब्येतीचं कारण सांगायचं नाही. रविवारी भंगारवाला आला तर मिस्तरी शेडाच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. संगीतानं त्यांच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं, आन् भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. पोरगी शहानी हाय माझी.

आता म्हनाल कसे हायेत, तर उजवा हात काय परत आला न्हाई. पाय थोडा आला, काठी टेकत येत्यात. काम बेताचंच, पन ह्या आयटीतल्या पोरांना आता आज्याच्या जुन्या मोटारी चालवायचा नाद लागलाय, त्या येत्यात. आन् जीभ सुटली. कशी सुटली काय सांगू तुमाला. जल्मभर गप बसलेला मानूस आता दिवसभर बोलतो, आन् बोलतो म्हंजी वरडतोच. पाना असा धरत्यात का? चहात साखर हाय का साखरेत चहा? डॉक्टर म्हनले, ह्या आजारानं कुना-कुनाचा सोभाव तापट होतो, सांभाळून घ्या. संगीता म्हनती, आई, तू कसं गं ऐकून घेतेस. तिला काय सांगू. मी त्या मानसाची पाठ बघितलीय, खाटेवरची, भिंतीकडं तोंड केलेली. मला आता त्याचा आवाज कितीबी मोठा चालतो.

ऐकलंत? मारली हाक. चहा थंड झाला असंल. वरडू दे, जाते मी. तुमी पन निघा, पुलावर गर्दी हुईल. आन् घरी गेल्यावर कुनी चिडलं तुमच्यावर, एवढा उशीर का केला म्हनून, तर ताई, आजच्या दिवस उलट बोलू नका, वाईच ऐकून घ्या. तसं चिडनारं मानूस तुमाला जल्मभर मिळो.